चालू असताना सांगायचं नाही

एका गावात, दूध सोसायटीवर, सिद्राम नावाचा एक भोळा गडी होता. चाळीस लिटरचा कॅन एका हाताने उचलायचा. देवाने ताकद ओतून दिली होती; अक्कल तेवढी मापून दिली.

सोसायटीत लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर होता. त्यावर दुधाचा काटा चालायचा आणि दारावरचा कॅमेराही. कॅमेरा भारी हावरा. सगळी मेमरी एकटाच खायचा, मग काटा अडायचा. म्हणून तालुक्याहून अंकलीकर बाई आल्या. मेमरीच्या वाटणीची जुनी पद्धत काढून त्यांनी नवी लिहून ठेवली. जाताना म्हणाल्या, "सिद्राम, ही वाटणी यंत्र उठतानाच ठरते. चालू असताना कितीही सांग, ते ऐकणार नाही. उद्या दूध यायच्या आधी एकदा बंद करून चालू कर."

"चालू असताना सांगायचं न्हाई, उठताना सांगायचं," सिद्रामने पाठ केलं.

सकाळी तो कॉम्प्युटरकडे निघाला, तर दारात म्हैस सोसायटीची पेंड खात होती. सिद्राम गप्प राहिला. म्हैस चालू होती ना! ती खाऊन बसली, रवंथ करून उठली, तेव्हा म्हणाला, "खाऊ नगंस गं." पोतं केव्हाच रिकामं झालं होतं.

सोसायटीचे अध्यक्ष आबा कडाडले, "येड्या, खाणाऱ्याला तिथल्या तिथं बांधायचं असतंय!"

"बरं, आबा."

आत टँकरचा ड्रायव्हर पोहे खात होता. सिद्रामने त्याला बाकाला करकचून बांधलं. बिचाऱ्याचा घास घशात अडकला. सुटल्यावर तो ओरडला, "नऊला गाडी काढणार म्हंजे काढणार! मग नासू दे तुमचं दूध!"

आबांनी कपाळाला हात लावला. "आरं, खाणाऱ्याला हात लावू नये! हात जोडून उभं ऱ्हावं, पोटभर खाऊ द्यावं."

"बरं, आबा."

एवढ्यात कॅमेऱ्याने मेमरी खायला घेतली. काटा अडला. सिद्राम कॉम्प्युटरपुढे हात जोडून उभा राहिला. बाहेर अख्ख्या गावाचं दूध कॅनमध्ये तापत होतं आणि नऊला पाच मिनिटं उरली होती. आबा धापा टाकत आले.

"हात काय जोडतोस? बाईंनी काय सांगितलं हुतं? बोल लवकर!"

सिद्रामने त्यांच्याकडे नीट पाहिलं. आबा तर जोरात चालू होते.

त्याने आबांना उचललं, बाकावर आडवं केलं, वर घोंगडं टाकलं आणि सावकाश शंभरपर्यंत आकडे म्हटले. मध्ये दोनदा चुकला, म्हणून पहिल्यापासून म्हटले. बाहेर टँकर सुरू झाला आणि लांब निघून गेला. मग सिद्रामने आबांना अलगद उठवून बसवलं आणि कानाशी म्हणाला,

"आता ऐका, आबा. ते यंत्र बंद करून चालू करायला सांगितलंय."