बकुळाचं पिकलेलं पाणी

कमळबागेच्या मागच्या फाटकाशी पत्र्याची एक खोली होती. त्या खोलीत आठ वर्षांची बकुळा आपल्या बाबांबरोबर राहायची. बाबा बागेत माळी होते. घरात एक चूल, दोन गोधड्या आणि चार भांडी, आणि खेळणं म्हणाल तर एकही नाही. बागेत लाल, पिवळी, जांभळी फुलं रग्गड होती, पण त्यांना हात लावायचा नाही असा बाबांचा दंडक होता.

एकदा समोरच्या बंगल्यातल्या लोकांनी एक जुनी काचेची पेटी कचऱ्यात टाकली. तिचा एक कोपरा गळत होता. बाबांनी तो नीट चिकटवला आणि पेटी बकुळासमोर ठेवली.

"घे, मासे पाळ."

"पण मासे कुठून आणायचे, बाबा?"

"ते पुढचं पुढे बघू."

त्याच दुपारी बकुळा कमळांच्या तळ्यातला कचरा वेचत होती. लोक येतात, खातात आणि पुड्या पाण्यात टाकून जातात. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तळ्यातल्या बेडकांची तिला दया यायची. वेफर्सची एक पुडी उचलली, तर ती हातात थरथरली. आतून नाजूक आवाज आला, "अगं बाई, काढ मला! मसाला नाकात गेला!"

बकुळाने पुडी उलटी केली आणि कमळाच्या पानावर टपकन पडली एक इवलीशी परी. अंगठ्याएवढी! पंख निळे निळे, झगा शेवाळी हिरवा, कपाळावर दवाची टिकली. ती सात वेळा शिंकली आणि प्रत्येक शिंकेला रुपेरी चमचम पाण्यावर सांडली.

"माग काय हवं ते," नाक पुसत परी म्हणाली. "पण एकच हं."

बकुळाला विचार करावाच लागला नाही. "मला एक मासा हवा, परीताई. चांदण्यासारखा, आणि शेपटीवर सातही रंग असलेला."

"मिळेल, पण नियम आहेत. पेटी साबणाने धुवायची नाही, नुसत्या पाण्याने धुवायची. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून ते एक दिवस उघडं ठेवायचं आणि मगच ओतायचं." एवढं बोलून परीने पाण्यात बुडी मारली आणि वर आली ती मूठभर काळी वाळू आणि एक हिरवं रोपटं घेऊन. मूठ परीची, पण वाळू मात्र बकुळाची ओंजळ भरेल एवढी निघाली! "या वाळूत डोळ्यांना न दिसणारे चिमुकले कामकरी राहतात. माशांची घाण तेच साफ करतात. पण नव्या घरात वस्ती करायला त्यांना वेळ लागतो. रोज पोळीचा एक कण त्यांना घाल आणि पाणी पिकू दे. एकविसाव्या दिवशी सूर्य उगवला की तुझा मासा येईल. त्याआधी एक जरी मासा आत सोडलास, तर तुझी इच्छा संपली."

बकुळाने सगळं सांगितलं तसंच केलं. चौदा दिवस ती रिकाम्या पाण्याकडे आनंदाने बघत बसली.

पंधराव्या दिवशी समोरच्या बंगल्यात राहणाऱ्या शर्वरीकडे माशांची नवी पेटी आली. केवढी मोठी! आत निळे दिवे, गुलाबी खडे आणि तोंडातून बुडबुडे सोडणारं कासव. त्याच दिवशी पाणी भरलं आणि त्याच दिवशी पाच रंगीत गप्पी मासे आत सोडले, जरीच्या पदरासारख्या शेपट्यांचे. शर्वरीची आजी म्हणाली, "नव्या वस्तूची पूजा नको का करायला?" तिने सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं, आणि ते काचेवर कमी आणि पाण्यात जास्त पडलं. पेटी बघायला जमलेल्या सगळ्या मुलांना, बकुळालाही, पेढे मिळाले. मुलांनी आपापल्या पेढ्याचा तुकडा माशांनाही टाकला, प्रसाद म्हणून.

बकुळाला तो पेढा कडू लागला. त्यात शर्वरी सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्याही पेटीत मासे आहेत का गं? अदृश्य आहेत वाटतं!" मुलं खो खो हसली.

मग काय विचारता! बकुळाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याही ओव्याने थांबण्यासारखं नव्हतं. ती फाटकाला नाक लावून उभी राही आणि त्या निळ्या दिव्यांकडे बघून जळफळे. "माझी पेटी फुटकी, तिची नवी. मी एकवीस दिवस थांबायचं, तिने एकही नाही. देवा, निदान तिचे दिवे तरी जाऊ देत!" दिवे काही गेले नाहीत.

अठराव्या दिवशी शर्वरी धापा टाकत आली. हातात स्टीलचं पातेलं आणि डोळ्यांत पाणी.

"बकुळा, आमचं पाणी ताकासारखं झालंय. मासे वर येऊन आ वासतायत. दुकानदारकाका म्हणाले, मुरलेल्या पाण्यात हलवा. तसं पाणी फक्त तुझ्याकडे आहे गं."

बरं झालं, असं बकुळाच्या मनात आलं. आलं म्हणजे अगदी साखरेसारखं गोड लागलं.

"तीन दिवसांनी ये," ती म्हणाली आणि तिने दार लोटलं.

शर्वरी गेली नाही. ती पायरीवरच मुसमुसत बसली. बऱ्याच वेळाने बकुळाने फटीतून पाहिलं. पातेल्यातला सगळ्यात छोटा मासा एका कुशीवर कलला होता. बकुळाला वाटलं, मला हसली ती शर्वरी. मासे कुठे हसले होते?

तिने दार उघडलं. चांदण्यासारखा तो मासा तिच्या डोळ्यांसमोर आला आणि तिला रडूच फुटलं, पण तिने पातेलं उचललं. ते आपल्या पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवलं आणि थोड्या थोड्या वेळाने त्यात एकेक वाटी पिकलेलं पाणी घातलं, मासे एकदम दचकू नयेत म्हणून. मग एकेक करून पाचही मासे पेटीत सोडले. संध्याकाळपर्यंत ते शेपट्या फुलवून फिरू लागले.

एकविसाव्या दिवशी सूर्य उगवला. बकुळा पेटीकडे पाठ करून बसली होती. तेवढ्यात मासे बघायला शर्वरी आली आणि ओरडली, "अगं, हे काय!"

हिरव्या रोपट्याच्या पानांत तिळाएवढी पिल्लं लपली होती. एक, दोन, दहा, एकोणीस! आणि त्यांत एक होतं चांदण्यासारखं. त्याच्या शेपटीवर सातही रंग लुकलुकत होते.

पेटीच्या काठावर परी पाय हलवत बसली होती. "तुझी इच्छा तर संपली, बकुळा. नियम म्हणजे नियम. पण ही पिल्लं काही मी आणली नाहीत. ती तुझ्या पाण्यात जन्मली, म्हणून ती तुझी."

बकुळाने मान खाली घातली. "परीताई, मी आधी नाही म्हटलं होतं. मासे तडफडत होते, तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं होतं."

"ठाऊक आहे मला," परी हळूच म्हणाली. "तरीही पातेलं उचललंस. म्हणून तर मी आले."

इकडे शर्वरीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ओठ दुमडून ती त्या चंदेरी पिल्लाकडे एकटक बघत होती. बकुळाने तो चेहरा लगेच ओळखला. पोटात दुखणाऱ्या माणसाचा चेहरा असा असतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"हे बघ," बकुळा म्हणाली, "माझी थोडी वाळू घेऊन जा. पेटी नुसत्या पाण्याने धू. हळदकुंकू बाहेरून लाव, आणि पेढे आपण खायचे. एकवीस दिवसांनी तुझे पाच मासे ने आणि वर नऊ पिल्लंही."

"आणि ते चंदेरी?"

"ते माझं."

शर्वरीने सुस्कारा सोडला आणि बोटं मोजायला घेतली. "एकवीस दिवस आज धरून, की आज सोडून?"

"सोडून!" बकुळा चटकन म्हणाली.

ते ऐकून परी इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या पंखांतून लख्ख सोनेरी उजेड सांडला आणि सगळी खोली त्यात न्हाऊन निघाली. दोघींनी डोळे चोळून पाहिलं, तेव्हा काठावर परी नव्हती. आत मासे पोहत होते आणि दोघी एकाच काचेला नाक लावून बसल्या होत्या.