सात शेतांतलं एक रोप

जनावरंसुद्धा अर्ज भरायची, त्या काळातली ही गोष्ट. सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली, की जो शेतात आंबा लावील त्याला अनुदान मिळेल. सात जणांनी अर्ज केले. आंब्याचं रोप मात्र एकट्या सशाने आणलं, तेही एकच.

तपासणीला कासवसाहेब आले. सशाच्या शेतातलं रोप पाहून त्यांनी वहीत बरोबरची खूण केली आणि बांधावरून पुढे निघाले. ते पोचायच्या आत माकडाने तेच रोप उपटून आपल्या शेतात लावलंसुद्धा! मग साळिंदराने नेलं, मग रानडुकराने. साहेबांची चालच अशी, की कुणाला धावपळ करावी लागली नाही.

रोपाला आधी मजा वाटली. फुकटात गाव बघायला मिळत होतं. पण चौथ्या शेतात त्याची पानं लोंबली, आणि सातव्या शेतात, कोल्ह्याच्या, ते आडवंच झालं.

"का रे बाळा, इतका सुकलास?" साहेबांनी विचारलं.

कोल्ह्याने मागून डोळे वटारले, पण रोपाला आता राहवेना. "साहेब, सकाळपासून मला सात वेळा लावलं," ते म्हणालं, "पण घोटभर पाणी कुणी घातलं नाही!"

मागोमाग आलेले सगळे अर्जदार साहेबांच्या वहीकडे बघू लागले. साहेबांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, "सातही रोपं तहानलेली आहेत. पाण्यासाठी वेगळं अनुदान द्यावं."

एकच जल्लोष झाला. सशाला रोपाची दया आली. तो तांब्या घेऊन धावला, तशी कोल्ह्याने त्याची शेपटी धरली.

"अरे थांब, वेड्या! अर्जाला सुकलेल्या रोपाचा फोटो लागतो."