पाणवठ्याच्या वाटेचे वळण

"सकाळी अंगण सारवणारं माणूस दुपारी मरतं कसं?" धाकलूने हे साऱ्या खैरवलीला विचारले होते म्हणे.

तुम्ही पाणवठ्याकडून जी वाट चढून आलात, ती अबोलीच्या ताटव्याला मोठा वळसा घालते. तिथे पूर्वी धाकलूचे घर होते. आईबाप नव्हते, आवडी नावाच्या थोरल्या बहिणीने त्याला वाढवले. तिला तो बाय म्हणे. ती गेली आणि तिने सारवलेले अंगण तेवढे मागे राहिले. शेणात तिच्या बोटांच्या कमानी उमटलेल्या होत्या.

पण पाण्याला जाणाऱ्या बायका पूर्वापार त्याच अंगणातून जात. दर खेपेला एखादी कमान पुसली जाई. धाकलू काठी घेऊन धावला, त्याने काटे टाकले. त्यांच्यातली पारूकाकी काटे ओलांडून म्हणाली, "वाट काय तुझ्या बापाने बांधली? आपट, अजून आपट काठी, तेवढेच उंदीर पळतील!" बायका हसल्या.

मग त्याने अंगणाच्या दोन्ही तोंडांना अबोली लावली. फुलत्या झाडावर पाय कोण देईल? रोपे जगावीत म्हणून तो वेड्यासारखा पाणी घालत सुटला. अंगणाला उतार आहे, हे ध्यानातच आले नाही. रोपे तरारली. पारूकाकी भांडायला आली, तर हा गुडघ्यांवर बसून चिखल चाचपत होता, असे सांगतात.

"काय हरवलं रे?"

"बायची बोटं."

काकीला आधी कळेना. मग कळले. "मी सारवून देते, पोरा."

"नको. तुझी बोटं जाडी आहेत, काकी."

ती भरली घागर घेऊन बांधाखालच्या काट्याकुट्यांतून लांबून गेली. तिच्यामागून साऱ्याच तशा जाऊ लागल्या. धाकलूला उमगेना. राखायचे होते ते तर वाहून गेले; मग आता या का थांबल्या? "या की इथून!" तो ओरडे. कुणी येत नसे.

आजही येत नाही. नवी नवरी पहिल्यांदा पाण्याला निघाली की सासू तिला आधी हे वळण दाखवते. धाकलू पुढे गाव सोडून गेला. कुठे, ते ठाऊक नाही. जाण्याआधी त्याने बांधाखालचे काटे तोडले, वाट सपाट केली आणि चढ संपतो तिथे पारूकाकीच्या खांद्याइतका उंच दगड उभा केला, डोक्यावरची घागर न वाकता टेकवता यावी म्हणून.