ठकू वैदिणीचा दोरा

डोंगरात वाट नव्हती नि नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. सावरखोलात ठकू वैदीण राहायची. ती कुणाच्या हाताखाली शिकली नाही, आजाऱ्यांनीच तिला शिकवलं, असं म्हणतात. आणि मला ते पटतं.

गावच्या कोंडाजी कुंभाराला एकाच वर्षात तीन दुखणी लागली. धाप लागायची, पाय सुजायचे, लघवीला मुंग्या जमायच्या. बायको गोदी तीन वैद्यांकडे धावली. एकाने धापेवर मधातला काढा दिला, तर मुंग्या वाढल्या. दुसऱ्याने लघवीसाठी घडाभर पाणी पाजायला लावलं, तर पाय फुगले. तिसऱ्याने पाणीच तोडलं. गोदी बिचारी तिघांचंही ऐकायची, आणि नवरा रोज थोडा थोडा हातातून निसटत होता.

शेवटी तिने ठकूला बोलावलं. ठकूने तिन्ही वैद्यांच्या औषधांच्या तीन वाट्या बघितल्या. "अगं, तीन रोग तीन माणसांना झालेत का?" म्हणाली, आणि वाट्या पालथ्या केल्या.

मग चाकावरून मडकं कापायचा कुंभाराचा दोरा घेतला नि तीन गाठी मारल्या. धापेच्या गाठीत पीस, सुजेच्या गाठीत खडा, गोड लघवीच्या गाठीत गुळवेलीचा तुकडा. जो रोग जास्त छळतो त्याची गाठ सगळ्यात वर. आधी त्याचं बघायचं, खालच्यांना त्याला न बाधेल तेवढंच द्यायचं. रोज सकाळी नडगी दाबायची, जीभ बघायची, एका दमात शेजारच्या किती घरांची नावं घेता येतात ते ऐकायचं, आणि गाठी सोडून नव्याने बांधायच्या.

पुढे ठकूला लांब एका अडलेल्या बाळंतिणीकडे जावं लागलं. रोज गाठी बदल, असं तिने गोदीला दोनदा बजावलं. पण आमच्या लोकांची खोड ठाऊक आहे ना? जाणत्याने मारलेली गाठ सोडली की गुण जातो म्हणे! गोदीने दोऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि हात लावला नाही. खडा वर होता, म्हणून पाणी पळीपळीने. सूज कधीच उतरली, तरी पळीच.

चौथ्या दिवशी कोंडाजीची जीभ लाकडासारखी झाली. त्याने गोदीकडे बघितलं नि विचारलं, "कोण गं बाई तू?"

गोदीने दोरा धरला, पण बोटं चालेनात. तेव्हा तीन डोंगरांपलीकडे ठकूच्या बोटाला हिसका बसला, असं म्हणतात. ती तिथल्याच दारात येऊन हळूच बोलली, आणि ते गोदीला चुलीपाशी ऐकू आलं. "गाठ माझी असली तरी माणूस तुझा आहे. सोड."

गोदीने दातांनी गाठी सोडल्या. पाणी पाजलं, घोटाघोटाने, पाय दाबत, श्वास ऐकत. दिवस कलला तेव्हा कोंडाजी पुटपुटला, "गोदे, भट्टी विझली का गं?"

इतर गावांत लोक नवसाची गाठ बांधतात. सावरखोलात ठकूच्या नावाने मांडलेल्या दगडापाशी गाठ सोडतात. आजाऱ्याच्या उशाशी अजून तसाच दोरा असतो, आणि तो घरच्यांनीच रोज बदलायचा. कालचीच गाठ दिसली, की शेजारीण उंबऱ्यातूनच विचारते, "आज माणूस बघितलास, का नुसता दोरा?"