गव्हाळी ढाबळीत का शिरेना

कोणे एके काळी, राजे डोंगरावर आणि रयत नदीकाठी राहत असे तेव्हा, एका नदीच्या दोन तीरांवर दोन गावे होती. दोन्ही गावांना वेड एकच, शर्यतीच्या कबुतरांचे. कुणाच्या दारात बैल नसेल, पण अंगणात ढाबळ असायचीच. ढाबळ म्हणजे कबुतरांचे घर. चार खांबांवर उचललेले, फळ्यांचे, वर कौले घातलेले.

दरसाल दिवाळी सरली, आभाळ स्वच्छ झाले, की घाटमाथ्यावरून कबुतरे सोडली जात. प्रत्येकाच्या पायात आपापल्या घरचा रंगीत दोरा असे. पाखरू घरी येऊन ढाबळीत शिरले, की धन्याने दोरा सोडायचा आणि तो घेऊन नदीच्या घाटावरच्या नगाऱ्याकडे पळत सुटायचे. ज्याचा दोरा आधी, त्याच्या नावाने नगारा वाजायचा.

नियम मात्र कडक होता. पाखराला अंगणात धरायचे नाही, त्याच्यावर जाळे टाकायचे नाही. त्याने आपल्या पायांनीच आत गेले पाहिजे. "धरून आणलेलं पाखरू परत आलं असं म्हनत न्हाईत," असे तिथले म्हातारे सांगत. त्याच नियमाची दुसरी बाजू अशी, की एखादे पाखरू आपखुशीने दुसऱ्याच्या ढाबळीत शिरले, तर ते त्याचे झाले. त्यावर भांडण नाही, पंचायत नाही, रुसवाफुगवाही नाही.

अलीकडच्या गावात एक म्हातारा होता. सगळे त्याला आबा म्हणत. त्यांना लेक एकच, हौसा. ती गावातच दिलेली, त्यामुळे तिच्या सासर-माहेरात अंतर म्हणाल तर एका चिंचेच्या झाडाचे. लग्न झाले तरी तिची सकाळ आबांच्या ढाबळीतच उजाडायची.

काय ते दिवस होते! आबा उजाडायच्या आत खुरपे घेऊन ढाबळीत शिरत. तळ खरवडून काढत आणि वर कोरडी राख भुरभुरत. मग हाताचा तळवा फळ्यांवर टेकवून, वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटून उभे राहत. कुठे ओलसर लागले, की त्या दिवशी न्याहारी बाजूला आणि आधी कौल. ढाबळीला खालच्या अंगाने एक लांब फट होती आणि वर आढ्यापाशी दुसरी. ती त्यांनी मुद्दाम ठेवलेली. खालून वारा आत यायचा, वरून बाहेर जायचा, आणि बसल्या पाखराचे पीसही हलायचे नाही.

लहानपणी हौसा तिथे कुडकुडत बसायची आणि म्हणायची, "आबा, बुजवा की ती फट. पाखरांना थंडी वाजत असंल."

आबा हसायचे. "पाखराच्या अंगावर आयतं पांघरूण असतंय, बाय. थंडी त्याला मारत न्हाई. ओल मारती."

मग तिच्या ओंजळीत बाजरी घालायचे. पाखरे येऊन टिपू लागली, की तिच्या हाताला गुदगुल्या व्हायच्या आणि ती खिदळत सुटायची. असे सुख पुढे माणसाला किती वेळा मिळते, तुम्हीच सांगा.

एका श्रावणात आबांना बारीक ताप आला, आणि आबा गेले. मागे राहिली ती ढाबळ, काही पाखरे, आणि त्यांतली गव्हाळी. गव्हाच्या रंगाची ती कबुतरी म्हणजे आबांनी जन्मभर निगुतीने वाढवलेल्या वाणाची शेवटची खूण होती. तिच्यामागे त्या वाणाचे दुसरे पाखरू उरले नव्हते. हौसाला वडिलांचे दुसरे काही नको होते. गव्हाळी जगावी, तिचा वंश वाढावा, आणि आबांची ढाबळ होती तशी राहावी, एवढेच तिचे मागणे होते.

तेरावा झाल्यावर ती ढाबळीत गेली. कोपऱ्यात आबांचे बसायचे पोते तसेच पडलेले. त्या पोत्याला तंबाखूचा, कडुलिंबाच्या धुरीचा, घामाचा, असा आबांचा वास लागून राहिलेला. ती पोत्याशेजारी बसली, डोळे मिटले, आणि तिला वाटले, आबा पाणी आणायला गेलेत, आत्ता येतील.

तेवढ्यात खालच्या फटीतून वाऱ्याची झुळूक आली. वरच्या फटीतून निघूनही गेली. तिला वाटले, हा वारा असाच येत-जात राहिला, तर थोडे थोडे करून आबांना घेऊन जाईल. तिने आबांची जुनी घोंगडी फाडली आणि खालची फट बुजवली. मग वर चढून वरचीही बुजवली. पोते हलवले नाही, त्या कोपऱ्यात खुरपेही घातले नाही.

तिचा नवरा घोंगड्या विणणारा, शांत माणूस. तो म्हणाला, "अगं, आबा कधी असं करीत नव्हते."

"आबा होते तवा पाखरांना आबा होते," हौसा फणकारली. "आता त्यांना कोन हाय? मीच न्हवं?"

तो बिचारा आपल्या मागाकडे वळला. धागा ताणायचा किती आणि सोडायचा कधी, हे विणकराला कळते. पण त्या वेळी त्याने जरा ताणला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते.

भादव्यात पाऊस लागून राहिला. बंद ढाबळीत पाखरांचा श्वास पाखरांवरच बसू लागला. फळ्यांना घाम फुटला. पाखरांच्या चोचीवरचा चुन्यासारखा पांढरा भाग राखेसारखा झाला, आणि रात्रंदिवस आतून घरघर ऐकू येऊ लागली. एका सकाळी एक पिल्लू मरून पडलेले दिसले. हौसाला वाटले, गारठ्याने मेले. तिने चारही अंगांना आतून गोणपाट ठोकले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरे काय!

बरे, ती निष्काळजी होती असे कुणी म्हणू नका. दाणा निवडून घालत होती, पाणी गाळून ठेवत होती. फक्त तळवा फळ्यांवर टेकवत नव्हती.

दिवाळी सरली. शर्यतीचा दिवस आला. पाखरे घाटमाथ्यावर नेली होती, आणि दोन्ही तीरांवर माणसे माना वर करून उभी होती. ऊन चढले आणि डोंगराच्या अंगाला एक ठिपका दिसला.

"गव्हाळी! आबांची गव्हाळी!" सारा गाव ओरडला.

गव्हाळीच होती. तिच्यामागे आभाळात दुसरे पाखरू नव्हते. ती सरळ आबांच्या अंगणावर आली, ढाबळीच्या आढ्यावर टेकली, मग खाली दारातल्या फळीवर उतरली. तिने मान आत घातली. आणि बाहेर काढली.

"ये गं बाय, ये," हौसा म्हणाली. आबांसारखी शीळ घातली, बाजरीचे भांडे वाजवले. गव्हाळीने पुन्हा मान आत घातली, पुन्हा बाहेर काढली. घाटमाथ्याची मोकळी हवा पिऊन आलेले पाखरू ते. त्या दारातून येणारी वाफ त्याला सोसेना. ती मागे सरकली, आढ्यावर जाऊन बसली, आणि थोड्या वेळाने उडाली. नदी ओलांडून पैलतीरी गेली आणि तिथल्या बाबाजीच्या ढाबळीत शिरली.

तिकडे घाटावर कुणाच्या तरी नावाने नगारा वाजू लागला. कुणाच्या, ते हौसाने विचारलेही नाही. ती पायरीवर बसली आणि एवढेच म्हणाली, "आबांचं शेवटचं होतं. ते पन माझ्या हातनं गेलं."

हा बाबाजी म्हणजे आबांचा जुना सोबती. शर्यतीच्या दिवशी दोघे एकमेकांचे वैरी, बाकी वर्षभर एका चिलमीचे भागीदार. संध्याकाळी तो होडीतून आला. एकटाच आला. हात रिकामे होते.

हौसा उठून उभी राहिली. "काका, माझी गव्हाळी?"

"खाऊन-पिऊन बसलीया. तुझा दोरा तिच्या पायातच हाय. मी सोडला न्हाई."

"मग आनायची हुती की संगं!"

"आनून काय करू, पोरी? मी आनंन, आन् ती उद्या पुन्ना जाईल. पाखरू काय उसनं पीठ हाय व्हय, वाटीभर न्यावं आन् वाटीभर आनून द्यावं?" बाबाजीने ढाबळीकडे पाहिले. "चल, जरा आत बसू. लई दीस झाले आबाच्या ढाबळीत बसून."

दोघे वाकून आत गेले. पाखरे घरघरत होती. बाबाजीला खोकल्याची ढास लागली, तेव्हा त्याने धोतराचा सोगा नाकाला लावला.

हौसा हळूच म्हणाली, "येतोय न्हवं, काका, आबांचा वास? मी समदा जपून ठेवलाय. एक झुळूक बाहेर जाऊ दिली न्हाई."

बाबाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, ह्यो आबाचा वास न्हाई. ह्यो ओलीचा वास हाय."

हौसाने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवले.

"आबाच्या ढाबळीला वासच नव्हता गं," बाबाजी म्हणाला. "जल्मभर मी हितं नाक खुपसून बघितलं, कुठं काय खोट घावती का म्हनून. कदी घावली न्हाई. कोरडी राख आन् वारा, बस्स. आबाचा वास तर आबाच्या मागनं थोड्याच दिसांत गेला असंल. वास कुनाचा ऱ्हायलाय? त्याच्या जागी ही ओल यिऊन बसली, आन् तू तिलाच आबा म्हनत बसलीस."

हौसाने कोपऱ्यातले पोते उचलले. ते तिच्या हातातच फाटले. खाली पांढरी बुरशी धरली होती, आणि आबांच्या हातून सांडलेली बाजरी कुजून काळी पडली होती. तेराव्यालाही डोळ्यांतून टिपूस न काढलेली हौसा त्या दिवशी ओक्साबोक्शी रडली. बाबाजीने तिला रडू दिले. मग तिनेच डोळे पुसले, उठली, आणि फटीतली घोंगडी उपसून काढली.

दुसऱ्या दिवशी गोणपाटे अंगणात पडली. तळ खरवडला, उन्हे आत घेतली, सरकलेली कौले बसवली, चुना लावला, राख पसरली. नवऱ्याने शिडी धरली. पोत्याच्या चिंध्या हौसाने चिंचेच्या बुंध्याशी पुरल्या. हळूहळू आतली घरघर थांबली आणि पाखरांच्या चोचीवरचा भाग पुन्हा पांढरा दिसू लागला.

गव्हाळी मात्र आली नाही. पैलतीरी बाबाजी रोज सकाळी ढाबळीचे दार उघडायचा. ती उडायची, नदीवर घिरट्या घालायची आणि त्याच्याकडेच परतायची. हौसा काठावर उभी राहून बघायची. तिने एकदाही हाक मारली नाही. आपल्या हाकेला आता काय किंमत, असे तिला वाटे.

थंडी ऐन भरात आली. एका सकाळी हौसा ढाबळीत उभी होती. खालच्या फटीतून गार वारा येत होता आणि वरून जात होता. कसलाच वास नव्हता. आणि एकाएकी तिला आबा आठवले. त्यांचे हसणे, बाजरी ओतताना वाकडी होणारी मूठ, "बाय" म्हणायची त्यांची तऱ्हा, सगळे लख्ख आठवले. बंद ढाबळीत ती इतके दिवस बसली, पण तिथे तिला आबांचे मरण तेवढे आठवायचे. आबा आठवले ते आज.

बाहेर पंख वाजले. दारातल्या फळीवर गव्हाळी उतरली होती. तिने मान आत घातली. हौसाने श्वास रोखला. गव्हाळीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि स्वतःच्या घरात यावे तशी आत आली. तिच्या पायातला दोरा सोडायचेही हौसाला सुचले नाही. ती नुसती बघत राहिली, हसत आणि रडत.

पुढच्या चैत्रात गव्हाळीला दोन पिल्ले झाली, आणि त्या वाणाची पाखरे पुढे दोन्ही तीरांवर फिरू लागली. म्हणतात, तेव्हापासून त्या नदीकाठी रीत पडली: घरातले माणूस गेले, की तेराव्याला पान वाढण्याआधी घरच्या लेकीने सगळ्या खिडक्या उघडायच्या.

तात्पर्य: जे जपायचे असेल, ते कोंडून ठेवू नये, त्याला वारा लागू द्यावा.