दोन अंड्यांचं ओझं

“...आणि अजून एक किलो वाढवलं तर, मामा? पाच किलो? पेलंल का न्हाई ती?”

दऱ्याप्पा विचारत होता. येताळामामा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते पिंगळीकडे बघत होते.

पिंगळी म्हणजे दऱ्याप्पाची मेंढरं राखायची कुत्री. तांबूस, लांब पायांची. तिच्या अंगात रेक्झिनचे जाकीट होते, दऱ्याप्पाने स्वतः दाभण घेऊन शिवलेले. दोन्ही अंगांना खिसे, आणि खिशांत चाळलेली वाळू गच्च भरलेली.

“काल चार किलो घेऊन टेकडी पळून आली!” दऱ्याप्पाला दम घ्यायलाही सवड नव्हती. “तो दगडी बांध दिसतोय न्हवं? थेट वरनं उडी! महिना झाला, रोज तीस उड्या. पोलिसांच्या कुत्र्यांना असंच जाकीट घालत्यात. मोबाईलवर बघितलंय म्या.”

“वय काय हिचं?”

“चवदा महिने.”

“हाडं भरायची हायत अजून.”

“व्हय, पर...”

“त्या पोलिसाच्या कुत्र्याचं वय किती व्हतं?”

दऱ्याप्पा अडखळला. “ते सांगितलं न्हवतं.”

“सांगितलं असंल. तू फुडं ढकललं असशील.”

मागे बसलेला कोंडिबा फिस्सकन हसला. त्याच्या कुत्र्याच्या कपाळाला सकाळीच निवडीचा भंडारा लागला होता, तेव्हा त्याला हसायला भरपूर वेळ होता.

दऱ्याप्पाने व्हिडिओतला तो भाग खरोखरच पुढे ढकलला होता.

उद्या सकाळी मेंढरं निघायची होती. एकदा निघाली की आठ महिने माळ, नाले, परकी रानं. निघायच्या आदल्या दिवशी येताळामामा एकेका कुत्र्याला जवळ घेत, पाय चाचपत, डोळ्यांत बघत. जे चालेल असे वाटे, त्याच्या कपाळाला भंडाऱ्याची पिवळी चिमूट लावत. ज्याच्या कपाळाला भंडारा नाही ते गावात दाव्याला बांधलेले राहायचे. मेंढपाळांच्या या वाड्यावर कुत्री निवडायचा अधिकार त्यांचाच. दऱ्याप्पा कुत्र्यांचे जे काही शिकला, ते त्यांच्याच हाताखाली.

आणि दऱ्याप्पाला पिंगळी बरोबर हवीच होती. गेल्या साली तिच्या आईला लांडग्याने नेले. दऱ्याप्पा पन्नास पावलांवर होता. काठी घेऊन धावला, पण पन्नास पावले ती पन्नास पावलेच. त्या दिवसापासून त्याने डोक्यात एकच घेतले होते, की पिंगळीला अशी दणकट करायची की लांडग्याने तिच्याकडे बघून वाट बदलली पाहिजे.

“वाळू काढ,” येताळामामा म्हणाले.

“किती?”

“सगळी.”

दऱ्याप्पाने खिसे उलटे केले. पायाशी वाळूचा ढीग झाला. पिंगळीने अंग झाडले, एकदा नव्हे, तीनदा.

“तायव्वा,” मामांनी बायकोला हाक दिली, “दोन अंडी आण.”

तायव्वामामी खुराड्याकडून अंडी घेऊन आल्या. मामांनी एक डाव्या खिशात ठेवले, एक उजव्या. वरून बंद लावला. मग टेकडीवरच्या झाडाकडे हात केला.

“ती पिंपरण दिसती? तिला वळसा घालून हिला हितं आण. अंडी शाबूत आली, तर भंडारा लावतो.”

“आन् फुटली तर?”

“तर ही हितंच ऱ्हाईल.”

दऱ्याप्पाला हसूच आले. “मामा, ह्ये काय वझं झालं? दोन अंडी! मांजरबी न्हेईल.”

“मग जा की.”

तो निघाला तो पळतच. पिंगळीला काय, पळणे म्हणजे आनंद. वाळू गेलेली, अंग हलके झालेले, कान मागे पडलेले. दोघे वाऱ्यासारखे सुटले. बांध आला. दऱ्याप्पाने नुसते तोंडाने “हं!” केले, आणि महिनाभराच्या सवयीने पिंगळी उडाली. पलीकडे पुढच्या दोन पायांवर उतरली.

कच्!

खाली हशा उठला. “आरं दऱ्या, कांदा चिरू का?” कोंडिबा ओरडला. “आम्लेट कर, आम्लेट!”

जाकिटाच्या दोन्ही खिशांतून पिवळा बलक ओघळत होता. उजव्या पायावरून थेंब थेंब खाली येत होता. दऱ्याप्पाने पटक्याच्या शेवाने तो पाय पुसायला घेतला. पिंगळीने पाय काढून घेतला.

त्याने परत धरला. तिने परत काढून घेतला.

काटाबिटा असेल, म्हणून तो उठला. त्याला घाई होती; तिला घेऊन तो खाली आला.

“मामी, अजून दोन द्या.”

“कोंबडी काय तुझी चाकर हाय व्हय रं? सांगितलं की घालाया?” असे म्हणतच तायव्वामामींनी ओच्यातून दोन अंडी काढून दिली.

“ही शेवटची,” येताळामामा म्हणाले.

या वेळी त्याने दोरी आखूड धरली. बांधावरून न जाता, मेंढरं जातात त्या खिंडारातून नेले. पिंगळी ओढू लागली की तो उभा राही. ती वळून बघे, जणू विचारी, काय झालं? मग दोरी सैल पडली की पुन्हा एक पाऊल. तिला हे नवे होते. त्यालाही.

दगड आला की तो आधी दगड बघे, मग तिचा पाय. घसरण आली की तो आधी उतरे आणि छातीला हात देई. इतके दिवस त्याची नजर टेकडीच्या माथ्यावर असायची, किती वेळात पोचली ते मोजण्यात. आज ती चार पंज्यांवरून हलत नव्हती.

पिंपरण आली. वळसा झाला. दऱ्याप्पाने बोटाने हळूच चाचपले. डावे शाबूत. उजवे शाबूत.

“हायत!” तो वरूनच ओरडला. “दोन्ही हायत!”

खाली माणसे उभी राहिली. बायका भाकरी थापायच्या थांबल्या. शिट्ट्या सुरू झाल्या, आणि आता तर कोंडिबाही हात हलवत होता. “हळू, दऱ्या! सावकाश! डावीकडनं घे, तितं मुरूम हाय!”

अर्धी उतरण झाली. खिंडार मागे पडले. राहिली असतील चाळीसेक पावले. येताळामामांच्या हातातली भंडाऱ्याची पिशवीसुद्धा दिसत होती.

तेवढ्यात त्याला ते दिसले.

पुढचा उजवा पाय टेकला की पिंगळीचे डोके वर जायचे. किंचितच. पाय तापल्या तव्यावर पडल्यासारखा लगेच उचलला जायचा. पुढचे पाऊल नीट. त्याच्या पुढचेही नीट. मग पुन्हा उजवा पाय, आणि पुन्हा डोके वर.

तो खाली बसला. पंज्याच्या वरचा सांधा अंगठ्याने दाबला. गरम होता. दुसऱ्या पायाचा दाबला. तो गार, आणि बारीक.

पिंगळी ओरडली नाही. तिने त्याचा हात चाटला.

रोज तीस उड्या... महिनाभर... आणि ही एकदाही ओरडली नव्हती.

“आरं, थांबलास कशाला?” खालून आवाज आला. “आलास की! चाल, चाल!”

चाळीस पावले. ती चालली असती, आणि पळ म्हटले असते तर पळालीही असती. हे त्याला माहीत होते, आणि तेच त्याला सोसवेना.

त्याने एक हात तिच्या छातीखाली घातला, एक मागच्या पायांखाली, आणि तिला उचलले.

कच्.

आणि दोन पावलांवर, दुसरे.

खाली शिट्टी वाजवणाऱ्याची बोटे तोंडातच राहिली.

दऱ्याप्पा उतरत आला. सदऱ्यावरून बलक पोटापर्यंत आला होता. पिंगळीने मान त्याच्या खांद्यावर टाकली होती, कारण तिला इतक्या दिवसांत कुणी असे उचलले नव्हते. त्याने तिला येताळामामांच्या पुढ्यात अलगद ठेवले. चारही पाय टेकेपर्यंत हात सोडला नाही.

“मामा, ही येणार न्हाई.”

त्याने पिंगळीचा पुढचा पाय दाखवला.

“पाय गेलाय हिचा. उजवा. लांडग्यानं न्हाई... म्या घालवला.” त्याचा आवाज चिरकला. “ऱ्हाऊ द्या हिला हितंच.”

येताळामामा जमिनीवर बसले. त्यांनी जाकिटाचे बंद सोडले आणि जाकीट बाजूला ठेवले. खांद्याजवळ दोन्हीकडे केस घासून कातडी उघडी पडली होती. त्यावर त्यांनी नुसता तळहात ठेवला. मग तो हात खांद्यापासून हळूहळू खाली आणला, सांध्यापाशी थांबवला, आणि कितीतरी वेळ तसाच राहू दिला, जणू पलीकडून कुणी बोलत होते आणि ते ऐकत होते...

“मोडलं न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “वाटंत जनावरांचा दवाखाना लागतो, तितं दाखवू. तवर पळायचं न्हाई, उडी न्हाई. वाळूचं नाव दोन वर्सांची हुईस्तवर काढू नगंस.”

“वाटंत?” दऱ्याप्पाला कळेना.

“तायव्वा, घोडीवरच्या दोन वाकळा दुसरीवर टाक. मधी हिला बसाया जागा कर.”

त्यांनी पिशवीचे तोंड उघडले. चिमूट घेतली. पिंगळीच्या तांबूस कपाळावर भंडारा लावला. तिने डोळे मिटून घेतले.

कोंडिबा पुढे सरकून बघू लागला. कुणाला काही समजले नव्हते. सगळ्यात कमी दऱ्याप्पाला.

“पर मामा... अंडी तर फुटली! चारीच्या चारी! आन् ही लंगडतीय!”

“कालबी लंगडतच व्हती,” येताळामामा म्हणाले. “काल तिच्यासंगं कुणी न्हवतं.”