खेकडीचे पाय

भांडी आपापल्या पायांनी पाण्याला जायची, त्या काळची ही गोष्ट. घाटाच्या वळणावर झरा होता. कपारीत फणसाचं पान खोचलेलं असायचं आणि त्यावरून धार पडायची. एका सकाळी छोट्या कळशीला वाटलं, आज धार जरा बारीक आहे.

"हंडेकाका, पाणी कमी झालंय हो!"

"तुझं काय, पान हललं तरी तुला पोचा पडतो!" रांगेत पहिला असलेला हंडा हसला.

पण कालचं भांडण कळशीच्या डोक्यातून जाईना. काल याच हंड्याने कपारीतल्या खेकडीला हाकललं होतं. "चिखलाचे आठ पाय घेऊन आमच्या पाण्यात फिरतेस? लाज नाही वाटत?" खेकडी मुकाट्याने खालच्या दगडाआड निघून गेली होती.

हंड्याचा तळ भिजायच्या आत धारेचे थेंब झाले, मग थेंबही थांबले. कपार गाळाने भरली होती आणि हंड्याचं अंग काही आत शिरेना. रोज हा गाळ कोण उपसत होतं, ते सगळ्यांना कळलं.

घरी म्हातारा रांजण कोरडा बसला होता. कळशी घाबरत घाबरत दगडापाशी गेली.

"खेकडीमावशी, चुकलं गं आमचं!"

तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तर तिचं रिकामं पोटच घुमलं.

तेव्हा दगडाआडून आवाज आला, "येते गं बाई! पण आधी हंड्याला विचार, पाय धुवायला पाणी आहे का त्याच्याकडे?"